मासे धरायला की शिसं पेरायला?

नमस्कार श्रोतेहो.

सुकतीची वेळ होती. पाणी पार आत ओढलेलं, आणि एरवी लाटांखाली असणारं आमचं खडप, म्हणजे किनाऱ्याचा खडकाळ भाग, उघडं पडून उन्हात वाळत होतं. मी गुहागर तालुक्यातला. शाळेतून निवृत्त झाल्यावर गरवायचा, म्हणजे गळाने मासे धरायचा, नाद लागला आणि पहिल्या दोन वर्षांत एवढं सामान समुद्रात घालवलं की घरात त्याचा हिशेब सांगायची सोय राहिली नाही. त्या सकाळी नुसता फिरत होतो. नेहमी जिथून गरी, म्हणजे गळ, टाकायचो त्या टोकाखाली उतरलो आणि वाकून बघितलं, तर वीतभर रुंदीच्या एका भेगेत माझी शिसं, गरी तळाला जावी म्हणून दोरीला बांधतात ती वजनं. अकरा! काहींना तंगूस, म्हणजे गरीची नायलॉनची दोरी, तशीच गुंडाळलेली, दोन गऱ्या गंजून काडीएवढ्या झालेल्या. सगळा माल त्या एकाच भेगेत. म्हणजे दोन वर्षं मी नेमाने एकाच खड्ड्यात पैसे टाकत होतो.

वाडीतले तात्या मागे कालवं, म्हणजे दगडाला चिकटलेले शिंपले, फोडत बसले होते. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही मासं धरायला येता की शिसं पेरायला?"

खडपात गरी अडकते तेव्हा आपण नशिबाला बोल लावतो. पण त्या अकरा शिशांनी मला सांगितलं की यात नशीब फार थोडं आहे. तळ न बघता गरी टाकली की ती अडकणारच. म्हणून पहिलं काम सुकतीला, रिकाम्या हाताने जाऊन करायचं.

कोणत्या दिवशी जायचं? कोळीवाड्यातला जुना हिशेब सोपा आहे. तिथीला तीनने गुणा, चारने भागा, भरतीची वेळ येते. द्वितीया असेल तर दोन त्रिक सहा, भागिले चार, दीड. दीडच्या सुमारास भरती, म्हणजे तिच्या सहा तास आधी, सकाळी साडेसातच्या आसपास सुकती. हा ठोकताळा मुंबईकडचा. खाली रत्नागिरी-मालवणकडे पाणी थोडं आधी लागतं. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढचे दोन-तीन दिवस उधाणाचे, तेव्हा पाणी जास्तीत जास्त मागे हटतं. अष्टमीच्या सुमाराला भांग असते, पाणी धड चढत नाही की धड उतरत नाही. त्या दिवशी खडप बघायला जाऊन उपयोग नाही.

गेलात की काय बघायचं? आपल्या किनाऱ्यावर दगड दोन जातींचे. काळा कातळ उभ्या भेगांनी फाटलेला असतो. शिसं त्या भेगेत पाचरीसारखं बसतं. जांभा चाळणीसारखा, त्याच्या भोकांत गरीचं टोक गुंततं. या दोन्हींपेक्षा वाईट म्हणजे कालवांचा थर. कालवाची कड ब्लेडसारखी असते. तिच्यावर ताणलेली तंगूस दोनदा घासली की संपली. पण दगडांच्या मध्ये कुठेतरी अंगणाएवढी रेवेची, म्हणजे वाळूची, जागा असते. तीच आपल्याला हवी. किनाऱ्यावरच्या एखाद्या झाडाच्या किंवा घराच्या सरळ रेषेत ती लक्षात ठेवायची. भरतीला पाणी नितळ असेल तर उंचावरून तीच जागा फिकट दिसते, आणि खडप काळपट. तांबोशी आणि पालू हे मासे त्या काठाकाठानेच फिरतात. त्यामुळे लांब फेकायचा हट्ट सोडा. नवशिक्याला वाटतं की मोठा मासा क्षितिजापाशी असतो. बऱ्याचदा तो आपल्या पायाखालच्या दगडाशीच असतो, आणि आपण त्याच्या डोक्यावरून पन्नास वाव लांब शिसं भिरकावतो.

आता सामानाबद्दल. सामान जाणार हे धरून चालायचं, पण काय जावं ते आपण ठरवायचं. मुख्य दोरी बारा किलोची, म्हणजे तेवढा ताण सोसणारी, असेल तर शिसं बांधायला चार किलोची, हातभर लांबीची वेगळी बारीक दोरी घ्या. तळाला बहुतेक वेळा शिसंच अडकतं. अडकलं आणि ओढलं की ही कच्ची दोरी तुटते. गरी, आमिष आणि लागला असेल तर मासा, सगळं वर येतं. पण या युक्तीत एक खोड आहे. ताकद लावून फेकलंत तर कच्ची दोरी हवेतच तुटते आणि शिसं गोफणीतल्या दगडासारखं सुटतं. मागे-पुढे माणसं असतील तर नसती आफत. म्हणून ही दोरी लावली की हळुवार, झोका दिल्यासारखं टाकायचं.

तात्या तर शिसं वापरतच नाहीत. खिशात पतंगाचा साधा सुती दोरा (मांजा नव्हे), आणि वजन म्हणून तिथलाच एक चपटा गोटा. गेला तर गेला, समुद्राचा गोटा समुद्रात. मी दुचाकीच्या गॅरेजमधून जुने स्पार्क प्लग आणतो. फुकट मिळतात, वजन चाळीस-पन्नास ग्रॅमपर्यंत भरतं आणि बारीक दोरी प्लगच्या फटीत अडकवून फट मिटवली की काम झालं. एसटीच्या डेपोत मागायला जाऊ नका. तिथे डिझेलच्या गाड्या, त्यांना स्पार्क प्लग नसतात. मी गेलो होतो. दुसरं म्हणजे, शिसं विषारी आहे. ते चुलीवर वितळवून घरी गोळे ओतायची काहींना सवय असते. स्वयंपाकघरात तो उद्योग करू नका.

एका दोरीला तीन-तीन गऱ्या लावायचा मोहही आवरा. तीन गऱ्या म्हणजे अडकायला तीन तोंडं; खडपात एक पुरे. ती बारीक तारेची असली तर अडकल्यावर सरळ होऊन सुटते. आत वळलेल्या टोकाची, दुकानात सर्कल हुक म्हणून मिळते ती गरी दगडाला कमी लागते. मात्र मासा लागल्यावर तिला झटका द्यायचा नाही, नुसतं ताणत जायचं. आणि जिथे तळ अगदीच वाईट, तिथे तळाला जायचंच कशाला? बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारं बूच, लावा, आमिष तळापासून हातभर वर राहील एवढी दोरी खाली सोडा. कोळंबी अशी लोंबकळत राहिली की पालू वर येऊन घेतो.

शिसं पाण्यात पडल्यावर ते ओढत, घसटत आणू नका. टाकलं, तळ लागला, ढील काढून घेतली, की हात लावायचा नाही. परत आणायचं झालं की गरीची काठी उंच धरा आणि एका दमात भराभर रीळ फिरवा, म्हणजे सगळं तळापासून उचललं जातं. मध्येच थांबून विडी पेटवलीत की ते पुन्हा खाली बसलंच म्हणून समजा.

तरीही अडकतं. तेव्हा पहिला राग काठीवर काढतात, वाकवून वाकवून ओढतात. काठी मोडते, दगड हलत नाही. त्याऐवजी दोरी पूर्ण ढिली सोडा. लाटेच्या मागे-पुढे होण्यात ती पुष्कळदा आपोआप सुटते. नाहीतर वीस-तीस पावलं बाजूला जाऊन उलट्या दिशेने ओढून बघा, कारण शिसं ज्या वाटेने भेगेत शिरलं त्याच वाटेने बाहेर येतं. दोरी ताणून धनुष्याच्या प्रत्यंचेसारखी टणत्कारायची, हाही एक उपाय आहे. झटक्याने शिसं उडी मारतं.

आणि गोबरा मासा लागून बिळात शिरला असेल तर ओढूच नका. तो आत कल्ले आणि पर फुगवून पाचर मारून बसतो. दोरी ढिली सोडून पाच मिनिटं गप्प बसा. त्याला वाटतं धोका टळला आणि तो तोंड बाहेर काढतो. तेवढ्यात ओढायचं. मला ही पाच मिनिटं अजून कठीण जातात.

तोडायचीच वेळ आली तर दोरी हाताला गुंडाळू नका. विणलेली दोरी, दुकानात ब्रेड म्हणतात ती, बोट हाडापर्यंत कापते. एखाद्या लाकडी दांडक्याला चार वेढे द्या, तोंड फिरवा आणि मागे चालत जा. तोंड फिरवा हे मी अनुभवाने सांगतोय. एकदा शिसं एकाएकी सुटून आलं आणि चष्म्याची डावी काच गेली. डोळा वाचला, एवढंच.

तुटलेली तंगूस पाण्यात कुजत नाही. समुद्रपक्ष्यांच्या पायांत, खेकड्यांच्या नांग्यांत ती वर्षानुवर्षं अडकत राहते. म्हणून सुकतीला जाताना मी आता पिशवी घेऊन जातो; माझी नि दुसऱ्यांचीही गोळा करतो. त्यातून शिसं परत मिळतं, हा वरचा नफा.

पावसाळ्यात खडपावर उतरूच नका. हेदवीच्या बामणघळीत भरतीचं पाणी कसं उसळून वर येतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना कारण सांगायला नको. इतर महिन्यांतही समुद्राकडे पाठ करून गाठ मारत बसू नका. गाठ मारायची ती वर, कोरड्या दगडावर. आणि आवळण्याआधी ती थुंकीने ओली करा. कोरडी गाठ आवळताना तापते आणि तंगूस तिथेच कच्ची होते.

परवा द्वितीया आहे. सकाळी सातच्या आत मी आमच्या टोकाखाली असेन, पिशवी घेऊन. तात्या येणार आहेत, कालवं फोडायला. त्या भेगेत या खेपेस काय निघतं ते बघू. नमस्कार.