लस नाकातून, आठवणही नाकातच

(दृश्य : पुणे, ऑगस्ट २००९. बंद मल्टिप्लेक्सच्या दारावर चिकटवलेली सूचना.)

दुचाकीवरच्या मुलींनी तोंडाला स्कार्फ गुंडाळणं, ही पुण्यात काही बातमी नव्हे. पण त्या ऑगस्टमध्ये पायी चालणारेही तोंड बांधून फिरायला लागले. स्वाइन फ्लूनं देशातला पहिला बळी ३ ऑगस्टला घेतला, तो इथे. १४ वर्षांची शाळकरी मुलगी. पाठोपाठ शाळा बंद, मॉल बंद, थिएटरं बंद. नायडू हॉस्पिटलबाहेर तपासणीच्या रांगा. गणपती २३ तारखेला बसायचे होते, आणि यंदा गर्दी करू नका असं सांगायची वेळ आली होती.

वर्षभरानं, जुलै २०१० मध्ये, हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटनं या विषाणूवरची लस बाजारात आणली. नॅसोव्हॅक. सिरिंजला सुईच नाही. टोकाला फवारा, एका नाकपुडीत पाव मिलिलिटर, दुसरीत पाव. झालं.

आता मुहूर्त बघा. १० ऑगस्ट २०१० ला जागतिक आरोग्य संघटनेनं जागतिक साथ संपल्याचं जाहीर केलं. वरात निघून गेल्यावर वाजंत्री पोचावेत, तसं. विषाणू मात्र गेला नाही, तो नेहमीच्या फ्लूमध्ये सामील झाला.

आपल्याला आत्ता त्या पाव मिलिलिटरच्या मागे जायचंय. नाकात शिरल्यावर त्याचं काय होतं?

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली नाकाचं अस्तर. वाऱ्यानं भाताचं शेत लवावं तसे हलणारे तंतू.)

हे तंतू सेकंदाला दहाएक वेळा फटकारे मारतात. त्यांच्यावर एक चिकट थर असतो. पुस्तकात त्याला श्लेष्म म्हणतात, घरात शेंबूड. धूळ, परागकण, फोडणीत मिरची जास्त झाली की उठणारा ठसका, जे श्वासाबरोबर येईल ते या थराला चिकटतं आणि थर घशाकडे सरकत राहतो. दहा-वीस मिनिटांत नाकातला माल घशात. तो आपण नकळत गिळतो. उरलेलं पोटातलं आम्ल बघून घेतं.

म्हणजे लशीच्या हातात जेमतेम वीस मिनिटं. त्यात नाकाला दुर्लक्ष करायची सवय. दिवसाला दहा हजार लिटरच्या आसपास हवा इथून जाते. प्रत्येक कणावर चिडत बसलं तर जगणं अवघड. ज्यांना धुळीची ॲलर्जी आहे त्यांना हे सांगायला नको. मेलेल्या विषाणूचे तुकडे नुसते नाकात सोडले, तर नाक त्यांना धुळीइतकीच किंमत देतं.

म्हणून नॅसोव्हॅकमधला विषाणू जिवंत होता.

दचकू नका. त्याचं मूळ आहे १९५७ सालच्या फ्लूमध्ये. लेनिनग्राडच्या शास्त्रज्ञांनी तो कोंबडीच्या अंड्यांत, २५ अंश तापमानाला, एका अंड्यातून दुसऱ्यात असा पुन्हा पुन्हा वाढवला. होता होता तो थंडीला सरावला आणि उष्णतेत ढेपाळू लागला. फ्लूच्या विषाणूची जनुकं आठ तुकड्यांत असतात. लशीच्या विषाणूत सहा तुकडे या थंडीवाल्याचे आणि दोन स्वाइन फ्लूचे, वरचं रूप ठरवणारे. अंगानं लेनिनग्राडचा, चेहऱ्यानं २००९ चा. नाकात हवा खेळती असल्यामुळे तापमान ३२-३३ अंश असतं, तिथे तो थोडाफार वाढतो. खाली फुप्फुसात ३७ अंश. तिथे त्याची डाळ शिजत नाही.

(दृश्य : ॲनिमेशन. अस्तराच्या पेशींमध्ये अंग चोरून बसलेली, हात-पाय फुटल्यासारखी एक पेशी.)

नाकातली एखादी पेशी बाधित झाली की ती आधी शेजारणींना सावध करते. इंटरफेरॉन नावाचा रासायनिक निरोप जातो. घेणाऱ्याचं नाक दोन दिवस वाहतं, ते या गडबडीमुळे. ही चित्रातली फांद्याफांद्यांची पेशी विषाणूचा तुकडा उचलते आणि अस्तर सोडून निघते, मानेतल्या लसिकाग्रंथींकडे. घसा धरला की जबड्याखाली हाताला लागतात, त्याच गाठी. काही तुकडे टॉन्सिलमध्येच पकडले जातात.

गाठीत बी पेशींना, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींना, नमुना दाखवला जातो. हजारोंतल्या ज्या काहींना तो नेमका जुळतो, त्या भराभर वाढतात. इंजेक्शननंतरही हेच होतं, फक्त दंडाच्या जवळच्या, काखेतल्या गाठीत. फरक पुढे पडतो. निरोप घेऊन येणारी पेशी नमुन्यासोबत तो कुठून आणला, हेही सांगते. त्यानुसार बी पेशीच्या अंगावर जणू पत्ता चिकटतो. दंडातून आलेला निरोप असेल तर तिची प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, मुख्यतः रक्तात फिरतात. नाकातून आला असेल, तर त्यातल्या बऱ्याच पेशी नाकाच्या अस्तराखाली परत येऊन मुक्काम ठोकतात. शरीर काय आलं होतं ते लक्षात ठेवतं. कोणत्या वाटेनं आलं होतं तेही.

परत आलेल्या पेशी वेगळ्या घडणीची प्रतिपिंडं बनवतात, आयजीए. रक्तातल्या प्रतिपिंडांचा, म्हणजे आयजीजीचा, एकेक रेणू सुटा असतो. इथले दोन-दोन, शेपटीला शेपटी जोडून. अस्तराच्या पेशीचा एक वाहक त्यांना खालून उचलतो, पेशीतून आरपार नेतो आणि वरच्या चिकट थरात सोडतो. सोडताना वाहकाचा एक तुकडा त्यांना चिकटूनच राहतो, आणि त्यामुळे तिथल्या प्रथिनं तोडणाऱ्या रसांपुढे ती टिकतात. मला या सगळ्या यंत्रणेत हा तुकडा फार आवडतो. ओझं पोचवून परतताना हमालानं आपलं घोंगडंही मालावर पांघरून जावं, तसा प्रकार.

मग खरा विषाणू आला की? थरातच आयजीए त्याला चिकटतं. आग नाही, सूज नाही. पेशीला हात लागायच्या आत त्याची मोळी बांधली जाते आणि शेंबडाबरोबर घशात, घशातून पोटात. याखेरीज अस्तरात टी पेशींची, म्हणजे दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशींची, एक तुकडी कायम वस्तीला राहते. एखादी पेशी बाधित झालीच, तर तिला तिथल्या तिथे मारायला.

हे सगळं तुम्ही आधी पाहिलंय, फक्त नाकात नाही. पोलिओच्या रविवारी बूथवर बाळाच्या तोंडात दोन थेंब, करंगळीला शाई. पोलिओचा विषाणू तोंडावाटे येतो, आतड्यात वाढतो. थेंबांनी आतड्याचं अस्तर शहाणं होतं. इंजेक्शनची पोलिओ लस लकव्यापासून वाचवते, पण विषाणूला आतड्यात वाढायला तितकी मज्जाव करत नाही. आईच्या पहिल्या, चिकाच्या दुधात ठासून भरलेलं असतं तेही हेच आयजीए.

आणि जानेवारी २०२२ मध्ये घरोघरी विचारला गेलेला प्रश्न, "दोन्ही डोस घेतले होते, तरी कोरोना झाला कसा?" त्याचं बरंचसं उत्तर इथे आहे. विषाणूनं रूप बदललं होतं, हे खरंच. पण दंडावरच्या लशीचं आयजीजी रक्तातून फुप्फुसात बऱ्यापैकी झिरपतं, नाकात मात्र फार थोडं. विषाणू नाकात मुक्काम करायचा, घसा धरायचा, चाचणी पॉझिटिव्ह यायची. ऑक्सिजन लावायची वेळ मात्र बहुतेकांवर आली नाही.

मग सगळ्याच लशी नाकातून का देत नाहीत?

नाक सोपं गिऱ्हाईक नाही म्हणून. २०००-०१ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये फ्लूची नाकावाटेची लस आली होती. विषाणू निर्जीव, म्हणून नाकाला जागं करायला त्यात ई-कोलाय जिवाणूचं विष अत्यल्प प्रमाणात घातलेलं. घेणाऱ्यांपैकी काहींचा अर्धा चेहरा लुळा पडू लागला. लस मागे घेतली. अमेरिकेत २००३ पासून फ्लूमिस्ट आहे, नॅसोव्हॅकसारखीच थंडीला सरावलेली जिवंत लस. २०१६ मध्ये तिथल्या तज्ज्ञ समितीनं ती वापरू नका म्हणून सांगितलं, कारण तिचा एच१एन१, म्हणजे स्वाइन फ्लूवरचा, घटक मुलांमध्ये निष्प्रभ ठरत होता. विषाणू इतका मवाळ, की नाकात नीट वाढेनाच. घटक बदलल्यावर २०१८ मध्ये लस परत आली. फार तेज नको, फार मवाळ नको. सोनाराच्या तराजूचं काम आहे हे.

(दृश्य : २६ जानेवारी २०२३. लशीची कुपी, नाकपुडीवर धरलेला ड्रॉपर.)

कोरोनावरची भारत बायोटेकची इनकोव्हॅक या दिवशी आली. दोन्ही नाकपुड्यांत चार-चार थेंब. तिच्यातला चिंपांझीचा ॲडेनोव्हायरस पेशीत शिरतो, पण वाढू शकत नाही; शिरून कोरोनाच्या काट्याचा नमुना तेवढा दाखवतो. चाचणीत तिची तुलना कोव्हॅक्सिनशी झाली ती प्रतिपिंडांवरून, किती जण आजारी पडले यावरून नव्हे. आणि मुहूर्त पुन्हा तोच. लोक तोवर मास्क उतरवून लग्नांना जायला लागले होते.

शेवटची अडचण मापाची आहे. इंजेक्शनच्या फ्लू लशीसाठी रक्ताची एक ठरलेली पातळी आहे. रक्त चाळीसपट पातळ करूनही प्रतिपिंडं विषाणूला अडवतात का, ते बघतात. नाकावाटे लस घेतलेली मुलं या परीक्षेत कित्येकदा नापास होतात आणि तरी आजारी पडत नाहीत. कारण परीक्षा रक्ताची, अभ्यास नाकाचा. नाकातल्या आयजीएसाठी असा सर्वमान्य आकडा अजून नाही. नाक चोंदलेलं असलं, शिंकरून आलेलं असलं, तरी माप बदलतं.

(दृश्य : प्रयोगशाळा. खुर्चीत बसलेली स्वयंसेविका. नाकपुडीत टीपकागदासारखी अरुंद पट्टी.)

म्हणून संशोधक ही पट्टी वापरतात. ती नाकपुडीत सरकवायची, वरून बोटानं नाक दाबून धरायचं आणि मिनिटभर थांबायचं. पट्टी ओली झाली की कुपीत. स्वयंसेविकेला शिंक येतेय. ती डोळे मिटून घेते, घड्याळात अजून वीस सेकंद आहेत.