साठ आणि आठ

(पडदा काळा. यंत्रमागांची खटखट. हळूहळू उजेड.)

सोलापूरचा पूर्व भाग, सकाळची वेळ. या गल्लीत घड्याळ बघावं लागत नाही, माग सुरू झाले की दिवस उजाडला. घरात तेलुगू, दारात मराठी, आणि मागापाशी नुसत्या खाणाखुणा. तिथं बोललेलं कुणालाच ऐकू जात नाही.

माझे अप्पा या आवाजात 31 वर्षं उभे राहिले. टॉवेल विणले, चादरी विणल्या. आता घरी असतात. अप्पांचे कान गेले, असं सगळे म्हणतात; पण कान असे एकदम जात नाहीत. वर्षानुवर्षं आवाजात काम केलं की आधी 4000 हर्ट्झच्या आसपासचं, म्हणजे बारीक सुरांचं, ऐकू येणं कमी होतं. त्यात स जातो, श जातो, बारीक टोकाची अक्षरं जातात. ढोल कळतो, ट्रकची घरघर कळते. ‘साठ’ म्हटलं की अप्पांना ‘आठ’ ऐकू येतं. रेडिओवर बाजारभाव लागले की ते आईकडं बघतात, आणि आई आकडा परत सांगते.

हा अ‍ॅम्प्लिफायर त्यांच्यासाठी बनवला.

(टेबल. वर्तमानपत्रावर पसरलेलं किट.)

ही पाच पायांची चिप, टीडीए 2030 ए. मूळची इटलीच्या एसजीएस-एटीईएस कंपनीची. ती कंपनी पुढं एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्समध्ये आली. डावा आणि उजवा स्पीकर मिळून दोन चिपा. आवाज किती पट वाढवायचा ते हे दोन रेझिस्टर ठरवतात. लाल-लाल-नारिंगी पट्ट्यांचा 22 किलोओहम, निळा-करडा-तपकिरी पट्ट्यांचा 680 ओहम. 22,000 भागिले 680, अधिक एक. साधारण 33 पट. लहानशा रेडिओच्या आवाजाला एवढं पुरतं.

ट्रान्सफॉर्मर बारा-शून्य-बारा, म्हणजे मधली तार शून्य आणि तिच्या दोन्ही बाजूंना 12-12 व्होल्ट. एसीचे 12 व्होल्ट डायोडमधून जाऊन कपॅसिटरमध्ये साठले की एका बाजूला अधिक 16 आणि दुसऱ्या बाजूला उणे 16 च्या आसपास होतात. स्पीकर जोडलेला नसला, लाइन चढी असली तर त्याहून जास्त. साध्या 2030 ची मर्यादा 18 असते, ‘ए’ची 22. आमच्या भागात लाइन किती चढ-उतार करते ते बघून मी ‘ए’ घेतली.

सोल्डरिंगबद्दल फार सांगत नाही. एकच लक्षात ठेवा: आधी जोड तापवायचा, मग तार लावायची. टाका चकचकीत दिसला पाहिजे.

(एक म्हातारे गृहस्थ चष्मा पुसतात. फक्त हात दिसतात.)

हे आमच्या गल्लीतले मामा. आयुष्यभर रेडिओ आणि टेप दुरुस्त केले. मी प्लग लावायला निघालो, तर त्यांनी मनगट धरलं.

“डायरेक्ट लावू नको बे. आधी सिरीजला लाव.”

“मामा, सगळं दोनदा तपासलंय.”

“मग तिसऱ्यांदा बल्ब तपासंल.”

सिरीज म्हणजे घरची लाइन आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या मधे जोडलेला 60 वॅटचा तारेचा बल्ब. सगळं नीट असेल तर कपॅसिटर भरताना बल्ब क्षणभर उजळतो आणि मंदावतो. माझा बल्ब पेटला, तो पेटलेलाच राहिला. मामांनी प्लग ओढला.

(चिपच्या पाठीचा पत्रा, अगदी जवळून.)

चूक माझीच होती. या चिपच्या पाठीचा पत्रा तिच्या तिसऱ्या पायाला आतून जोडलेला असतो, आणि तिसऱ्या पायावर असतात उणे 16 व्होल्ट. मी चिपा सरळ हीटसिंकवर, म्हणजे त्यांची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या तुकड्यावर, आवळल्या, हीटसिंक लोखंडी डब्याला, डबा ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला. सप्लाय शॉर्ट. मधे अभ्रकाचा पातळ पापुद्रा आणि स्क्रूला प्लास्टिकचं बुश लागतं. दोन्ही किटच्या पुडीत होते. मी ते सुटे उरलेले तुकडे समजून बाजूला ठेवले होते. बल्ब नसता तर डायोड, ट्रान्सफॉर्मर जळायची भीती होती.

हीटसिंकही मी किटमधला टाकून मोठा घेतला. हीटसिंक हवेपेक्षा किती अंशांनी तापेल एवढंच मोजता येतं, आणि सोलापूरच्या मे महिन्यातली हवा 42 अंशांना जाते. चिप स्वतःला वाचवायला साधारण 150 अंशांना बंद पडते, हे खरं. पण अप्पांचा कार्यक्रम मधेच बंद पडू द्यायचा नव्हता.

दुसऱ्यांदा बल्ब उजळला, मंदावला. स्पीकर जोडले. आणि हम.

(स्पीकरमधून सलग घूंऽऽ.)

मोठा नव्हता. मामा म्हणाले, “एवढा चालतोय. गाणं लागलं की दबतोय.”

दुसऱ्या कुणासाठी असता तर मीही सोडून दिला असता. पण अप्पांचे जाडे, खालचे सूर शाबूत आहेत. त्यांना हा हम पुरेपूर ऐकू आला असता, आणि आधीच पुसट झालेला स त्याच्याखाली बुडाला असता. वॅट कितीही वाढवा, हम सोबत वाढतो. अप्पांना हवी होती शब्दांच्या मागची शांतता.

तीन रात्री गेल्या. इनपुट ग्राउंडला शॉर्ट केलं, तरी हम तसाच. म्हणजे तो बाहेरून येत नव्हता, डब्यातच होता. डायोडमधून कपॅसिटर सेकंदाला 100 वेळा भरतात, आणि तो प्रवाह झटक्याझटक्यानं ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या तारेतून परत जातो. मी इनपुटचं ग्राउंड नेमकं त्याच तारेवर घेतलं होतं. प्रत्येक झटका इनपुटला जाऊन मिळत होता, आणि चिप तो इमानदारीनं 33 पट करत होती. ती तार काढली. दोन्ही कपॅसिटर जिथं मिळतात त्याच्या पलीकडं एक बिंदू घेतला, आणि स्पीकरची, इनपुटची, डब्याची, सगळी ग्राउंड वेगवेगळ्या तारांनी तिथंच आणली.

मामांनी स्पीकरच्या जाळीला कान लावला. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “सुरू आहे का बे?”

(संध्याकाळ. माग थांबलेले. बाजेवर अप्पा.)

अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे कानाचं यंत्र नव्हे. गेलेलं ऐकणं तो परत आणत नाही. कान तपासून घेतलेत, डॉक्टरांनी यंत्र सांगितलंय, तेही घेणार आहोत. आज फक्त स्पीकर अप्पांच्या कानाच्या उंचीवर ठेवलाय आणि आकाशवाणी सोलापूर लावलंय.

बाजारभाव सुरू होतात. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहते, रोजच्यासारखी. कांदा, मेथी, मग शेवगा.

अप्पा आईकडं बघत नाहीत.

“साठ,” ते म्हणतात. “शेवगा साठ म्हणाला.”