काय खाल्लंस? काय लावलंस?

(दृश्य: फाल्गुनातली काटेसावर. कॅमेरा फुलांवरून खाली, खोडावर येतो.)

सावर फुलली की सगळ्यांच्या माना वर जातात, लाल फुलांकडे. आपण जरा खाली बघू. कोवळ्या खोडावर हे काटे आहेत, बुडाशी रुंद आणि टोकाला अणकुचीदार. सुश्रुतसंहितेत तरुणांच्या तोंडावर उठणाऱ्या पिटिकांना, म्हणजे फोडांना, याच काट्यांची उपमा दिली आहे. शाल्मलीचे, म्हणजे सावरीचे काटे. त्या विकाराचं नाव तिथे मुखदूषिका असं आहे. वयात येताना चेहऱ्यावर फोड येतात, ही गोष्ट आपल्याकडे इतकी जुनी, इतकी ओळखीची.

तरीही आज घरात कुणाच्या गालावर मुरूम दिसला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. काय खाल्लंस?

आजी म्हणते, उष्णता झाली. काकू म्हणते, पोट साफ होत नसेल. कुणी तळकट बंद करायला सांगतं. कुणी दिलासा देतं, लग्न झालं की आपोआप जातात. आणि जिच्याबद्दल हे सगळं चाललेलं असतं, ती मुलगी तोपर्यंत आतल्या खोलीत गेलेली असते.

(दृश्य: त्वचेच्या आतल्या भागाचं रेखाचित्र, हळूहळू मोठं होत जाणारं.)

आधी त्वचेच्या आत काय होतं ते बघू. चेहऱ्यावरच्या प्रत्येक बारीक केसाच्या मुळाशी तेल तयार करणारी एक ग्रंथी असते. वयात येताना मुलांच्या आणि मुलींच्याही शरीरात अँड्रोजेन ही संप्रेरकं वाढतात आणि या ग्रंथी मोठ्या होतात. जास्त तेल येऊ लागतं. त्याच वेळी छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी एकमेकींना चिकटतात आणि तिथे बूच बसतं. बूच त्वचेखाली झाकलेलं राहिलं तर पांढरा दाणा दिसतो. तोंड उघडं राहिलं तर काळा ठिपका दिसतो. हा काळेपणा मळाचा नाही. त्यातलं रंगद्रव्य आणि हवा यांमुळे तो रंग येतो. म्हणून कितीही घासलं तरी तो निघत नाही, उलट त्वचा सोलवटते.

बुचाखाली साचलेल्या तेलात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नीस नावाचा जिवाणू वाढतो. तो आपल्या सगळ्यांच्या त्वचेवर राहतो, नितळ चेहऱ्यावरसुद्धा. पण अशा कोंडलेल्या जागी शरीर त्याच्याशी झगडू लागतं, सूज येते, पू होतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. हे बूच एका रात्रीत बसत नाही. आज आरशात दिसलेल्या फोडाची सुरुवात काही आठवड्यांपूर्वी झालेली असते. कालच्या वडापावावर आज खटला भरण्यात अर्थ नाही.

मग खाण्याचा संबंधच नाही का? आहे. पण तो समजून घ्यायला आपल्याला 1969 सालच्या फिलाडेल्फियात जावं लागेल.

(दृश्य: जुन्या कृष्णधवल छायाचित्रांचा पोत. चॉकलेटची वडी.)

अल्बर्ट क्लिगमन हे तिथले त्वचारोगतज्ज्ञ. त्यांनी फुल्टन आणि प्लेविग या सहकाऱ्यांबरोबर 65 जणांवर एक प्रयोग केला. त्यातले 30 जण मुरुमांच्या उपचारासाठी दवाखान्यात येणारी किशोरवयीन मुलं-मुली होती. उरलेले 35 जण तुरुंगातले कैदी होते. त्यांना काही आठवडे भरपूर चॉकलेट असलेली वडी दिली आणि काही आठवडे बिनचॉकलेटची. मुरुमांत फरक पडला नाही. झालं, चॉकलेट निर्दोष सुटलं. पुढची कित्येक वर्षं डॉक्टर सांगत राहिले की आहाराचा मुरुमांशी संबंध नाही.

मेख त्या दुसऱ्या वडीत होती. तिच्यात चॉकलेट नव्हतं, पण साखर आणि चरबी जवळजवळ तेवढीच होती. शिवाय या प्रयोगाला चॉकलेट उत्पादकांच्या संघटनेची मदत होती. आणि त्या कैद्यांबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात क्लिगमन यांनी अनेक वर्षं कैद्यांच्या कातडीवर प्रयोग केले. ते 1974 साली थांबले. आज आपण जी मलमं सहज बोटावर घेतो, त्यांच्यामागे ती माणसं आहेत.

क्लिगमन हे नाव लक्षात असू द्या. ते पुन्हा येणार आहे.

(दृश्य: नारळाची झाडं, समुद्र, होडी.)

2002 साली एक वेगळीच माहिती पुढे आली. पापुआ न्यू गिनीजवळच्या किटावा बेटावर 1200 लोकांचे चेहरे तपासले गेले. तिथलं खाणं म्हणजे सुरणासारखे कंद, रताळी, अळकुड्या, फळं, मासे आणि नारळ. आपल्या कोकणातल्या माणसाला हे ताट अगदीच परकं वाटणार नाही. त्या 1200 जणांत, त्यातल्या 15 ते 25 वयाच्या तरुणांतही, मुरुमाचा एक फोड सापडला नाही. पॅराग्वेच्या जंगलात राहणाऱ्या आचे लोकांतही तेच दिसलं. अर्थात या लोकांची आनुवंशिकता वेगळी आहे, आयुष्य वेगळं आहे. एवढ्यावरून निकाल देता येत नाही. पण प्रश्न पुन्हा जागा झाला.

2007 मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी मुरुमं असलेल्या 43 तरुण मुलांचे दोन गट केले. एका गटाला 12 आठवडे असा आहार दिला, ज्याने रक्तातली साखर एकदम उसळत नाही. त्या गटाची मुरुमं दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाली. त्यांचं वजनही उतरलं होतं, त्यामुळे श्रेय नेमकं कशाला द्यायचं हा प्रश्न उरतोच. तरी कारणाचा धागा पटण्यासारखा आहे. साखर झपाट्याने वाढली की इन्सुलिन वाढतं, त्याच्याबरोबर आयजीएफ-1 नावाचं वाढीचं संप्रेरक जोर धरतं, आणि ही दोन्ही तैलग्रंथींना कामाला लावतात.

(दृश्य: पेठेतली अभ्यासिका. टेबलावर चहाचा कप आणि बिस्किटांचा पुडा.)

आता आपल्या ताटाकडे या. आपण बोट दाखवतो तळणाकडे आणि तिखटाकडे. त्यांच्याविरुद्ध पुरावा फारसा नाही. पुरावा आहे तो साखरेकडे आणि पटकन साखर होणाऱ्या पिठाकडे बोट दाखवणारा. दिवसातून चारदा गोड चहा, त्यात बुडवलेली मैद्याची बिस्किटं, थंड पेयाची बाटली, पाव. उपवासाला पोटाला हलकी म्हणून खातो ती साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. मूग, मटकी, हरभरा, पालेभाजी हे सगळं ताटात असेल तर साखर सावकाश चढते.

दुधाचं प्रकरण जास्त नाजूक आहे, कारण आपल्याकडे दूध नाकारणं म्हणजे आईला नाकारण्यासारखं. 2005 साली अमेरिकेत 47,355 परिचारिकांच्या आठवणींवरून केलेल्या अभ्यासात, शाळेच्या वयात जास्त दूध पिणाऱ्यांत तीव्र मुरुमं थोडी जास्त आढळली. साय काढलेल्या दुधाच्या बाबतीतही तसंच दिसलं. पण तो आठवणींचा अभ्यास होता. माझं मत विचाराल तर वाढत्या वयाच्या मुलीचं दूध ऐकीव गोष्टीवर तोडू नये. त्यात घातलेली दोन चमचे साखर आणि चॉकलेटी पावडर मात्र आधी काढावी.

(दृश्य: व्यायामशाळा. डब्यातून चमच्याने काढलेली पांढरी पावडर.)

दूध नाही म्हणणारे तरुण संध्याकाळी जिममध्ये शेकरमध्ये हलवून तेच पितात. व्हे प्रोटीन हे दुधाच्या निवळीपासूनच बनतं. ते सुरू केल्यावर पाठीवर, छातीवर, चेहऱ्यावर मुरुमं उसळलेल्या आणि बंद केल्यावर शांत झालेल्या मुलांच्या नोंदी डॉक्टरांनी केल्या आहेत. प्रत्येकाला असं होत नाही. पण औषधाला दाद न देणारी मुरुमं असतील तर डॉक्टरांना डब्याबद्दल सांगा. मुलं सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते औषध नसतं, 'फक्त प्रोटीन' असतं. आणि जिममध्ये कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं असेल, तर ते मुरुमांहून कितीतरी मोठं संकट आहे.

बी-12 या जीवनसत्त्वाची गोष्ट शाकाहारी घरांनी ऐकावी. आपल्याकडे त्याची कमतरता भरपूर, म्हणून इंजेक्शनंही भरपूर. 2015 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं की बी-12 जास्त मिळालं की त्वचेवरचा तोच जिवाणू आपलं काम बदलतो आणि सूज वाढवणारे पदार्थ जास्त बनवू लागतो. काही जणांना या इंजेक्शनांनंतर एकसारखे बारीक फोड येतात ते यामुळे असू शकतं. कमतरता असेल तर बी-12 घ्यायलाच हवं, नसा त्यावर अवलंबून असतात. पण तपासणी न करता 'अशक्तपणासाठी' टोचून घेण्याची गरज नाही.

जस्ताच्या गोळीने काहींना थोडा फायदा होतो, पण उपाशीपोटी घेतली तर मळमळ, आणि दीर्घकाळ जास्त घेतली तर शरीरातलं तांबं कमी. अ जीवनसत्त्वाचे मोठे डोस मनाने घेणं तर घातकच, यकृताला आणि पोटातल्या बाळालाही.

(दृश्य: लग्नाचा अल्बम. पानं उलटणारा हात.)

आता दुसरा प्रश्न, जो घरात कुणी विचारत नाही. काय लावलंस?

हा माझ्या ताईचा अल्बम आहे. 2009 मध्ये तिचं लग्न ठरलं. गालांवर मुरुमं होती, डाग होते. गावातल्या औषधाच्या दुकानातून कुणीतरी एक ट्यूब आणून दिली. चिठ्ठी लागली नाही. 'फोडही जातील आणि रंगही उजळेल.' पंधरा दिवसांत चेहरा खरंच उजळला. फोटोत बघा, काय दिसते आहे! लग्नानंतर ट्यूब संपली, तिने लावणं थांबवलं. आठवड्यात चेहरा लालबुंद. उन्हात गेली की आग. गालभर बारीक पुरळ. घाबरून पुन्हा तीच ट्यूब. असं तीन वर्षं चाललं. त्वचा इतकी पातळ झाली की खालच्या शिरा दिसू लागल्या आणि हनुवटीवर लव वाढली. आम्ही सगळे तिला विचारत होतो, काय खातेस? ती भात सोडत होती, वांगं सोडत होती, लोणचं सोडत होती.

ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं.

आणि इथे क्लिगमन परत येतात. 1975 साली त्यांनी आणि विलिस यांनी त्वचेवरचा काळेपणा घालवणारं एक मिश्रण प्रसिद्ध केलं. त्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड अशी तीन औषधं होती. डागांवर, थोडे दिवस, डॉक्टरांच्या नजरेखाली लावायचं ते औषध. त्याच जातीची मिश्रणं आपल्याकडे गोरं होण्याची क्रीम म्हणून लोकांच्या हाती पडली. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी यावर वर्षानुवर्षं आवाज उठवला. 2018 मध्ये केंद्र सरकारने 14 स्टेरॉइड मलमं शेड्यूल एच मध्ये घातली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. कायदा झाला. पण ट्यूब मागणारे आणि देणारे अजून आहेत. आपल्या घरातल्या ट्यूबवर बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव दिसलं तर ती मुरुमांवर लावू नका. बरेच दिवस लावत असाल तर मनाने एकदम बंदही करू नका. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. ती सोडवण्याचीही एक पद्धत असते.

बाकीच्या सवयी लवकर सुधारता येतात. क्लिगमन यांच्याच गटाने 1970 मध्ये केसांना चोपडायच्या तेलकट पोमेडमुळे कपाळावर उठणाऱ्या दाण्यांची नोंद केली होती. आपलं खोबरेल तेल कपाळावर ओघळतं तेव्हा तेच घडू शकतं. तेल लावा, पण कपाळावर उतरू देऊ नका. दुचाकीवर घट्ट बांधलेला स्कार्फ आणि हेल्मेटचा पट्टा घाम कोंडतात, ते धुतलेले असावेत. लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट चेहऱ्याला लावू नका. लिंबू लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजून काळी पडते. चेहरा दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉशने धुतला की पुरे.

(दृश्य: उशीचा अभ्रा, त्यावर फिकट डाग.)

काम करणारी औषधं स्वस्त आणि जुनी आहेत. बेंझॉइल पेरॉक्साइड अडीच टक्के असलं तरी दहा टक्क्यांइतकंच काम करतं आणि आग कमी होते. ते कपड्याचा रंग उडवतं, म्हणून उशीला पांढरा अभ्रा घाला. ॲडापालीन हे लावायचं औषध रात्री, वाटाण्याएवढं, सगळ्या चेहऱ्याला. फक्त फोडावर ठिपका देऊन उपयोग नाही, कारण पुढचं बूच शेजारी तयार होत असतं. सुरुवातीला त्वचा कोरडी पडते, सोलते. सकाळी सनस्क्रीन लावा, कारण आपल्या सावळ्या त्वचेवर फोड जातो आणि काळा डाग महिनोन्महिने राहतो. मोठ्या गाठी येत असतील, खड्डे पडत असतील, किंवा मुरुमांबरोबर पाळी अनियमित असेल तर वाट बघू नका. आणि आयसोट्रेटिनॉइनची गोळी मैत्रिणीच्या पाकिटातून कधीही घेऊ नका. गरोदरपणी ती बाळात गंभीर व्यंग निर्माण करते.

(दृश्य: स्वयंपाकघर. भिंतीवर कालनिर्णय.)

ताईची मुलगी आता चौदा वर्षांची आहे. दिवाळीनंतर तिच्या कपाळावर पहिले दाणे उठले. ताईने तिला काय खाल्लंस म्हणून विचारलं नाही. तिला घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे गेली. डॉक्टरांनी एकच जेल लिहून दिलं आणि सांगितलं, बारा आठवड्यांनी या, त्याआधी आरशाला काही विचारू नका.

भाची दर रविवारी कालनिर्णयवर पेनने आठवड्याचा आकडा लिहिते. कालच्या चौकटीत पाच लिहिला आहे. कपाळावर अजून दाणे आहेत. केस तिने मागे बांधले आहेत.