६०,००० चं कार्ड, आठ महिने आणि इंदूरचं घर: महिन्याचे ६,५०० काढायचे कुठून?

[स्क्रीनवर: क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट, दोन आकड्यांभोवती लाल गोल]

नमस्कार मंडळी. आधी हे दोन आकडे बघा. वरचा टोटल ड्यू, ६०,०००. खालचा मिनिमम ड्यू, ३,०००. बऱ्याच घरांतून दर महिन्याला खालचा भरला जातो आणि "चला, या महिन्याचं निपटलं" म्हणून मोबाइल बाजूला ठेवला जातो.

काय निपटलं ते मोजू. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरा, बँकेप्रमाणे थोडं कमी-जास्त असतं. ६०,००० वर २,१०० व्याज. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३७८. झाले २,४७८. तुम्ही भरले ३,०००, त्यातले मुद्दलात गेले फक्त ५२२. आणि मागची बाकी उभी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आज कार्डावर घेतलेल्या दुधाच्या पिशवीला आजपासूनच व्याज लागतं.

व्याज आणि जीएसटी मिळून महिन्याचे ४.१३ टक्के. हा आकडा फ्रिजवर चिकटवून ठेवा. आज आपण जी काही काटकसर बोलू, ती याच आकड्याशी ताडून बघायची आहे. काही बचती त्यात नापास होतात, आणि त्या नेमक्या आपल्या आजीने शिकवलेल्या असतात. त्यावर येतोच.

[स्क्रीनवर: घराचा तक्ता]

समजा राजेंद्रनगरातलं चौघांचं घर. हातात येणारा पगार ४२,०००. भाडं ९,०००. दीड लाखाचं पर्सनल लोन, १५ टक्के, तीन वर्षं, हप्ता ५,२००. आणि हे ६०,००० चं कार्ड. कार्डाला आज ३,००० जातात. त्यात ६,५०० ची भर घातली, म्हणजे ९,५०० भरले, तर सात महिने पूर्ण हप्ता आणि आठव्या महिन्यात साधारण ४,५००. खलास. एकूण व्याज ११,००० च्या आसपास. अट एकच: कार्ड कपाटात. पाकिटात नाही, आणि खरेदीच्या ॲपमध्ये सेव्ह केलेलं तर अजिबात नाही.

पर्सनल लोनला सध्या हात लावायचा नाही. व्याज तिथे निम्म्याहून कमी आहे, आणि फिक्स्ड दराच्या लोनवर मुदतीआधी फेडायचे चार्जेस बहुतेक लागतातच. मामांकडून घेतलेले असतील तर त्यांना सरळ तारीख सांगा, आठ महिन्यांनंतरची. तारीख दिली की नातेवाईक थांबतात, गप्प बसलं की चिडतात.

आता ६,५००. यातला निम्मा पैसा इंदुरात कुठे जातो हे मी सांगायला नको. पोटात जातो.

एका महिन्याचं बाहेरचं खाणं असं निघतं: ऑफिसच्या वाटेवर कचोरी-चहा, ४० रुपये, २२ दिवस, ८८०. रविवारी छप्पन दुकान या खाऊगल्लीत चौघं, ४५० प्रमाणे चार रविवार, १,८००. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात दोन चकरा, ६०० प्रमाणे १,२००. ऑनलाइन जेवण तीनदा, ४४० प्रमाणे १,३२०. एकूण ५,२००.

बहुतेक जण पहिली कुऱ्हाड कचोरीवर घालतात. आम्ही म्हणू, कचोरी राहू द्या. ८८० रुपयांसाठी रोज सकाळी मनाशी भांडण, आणि बाविसाव्या दिवशी त्याच माणसाने वैतागून ५०० चा पिझ्झा मागवायचा, याला अर्थ नाही. ऑनलाइन तिन्ही बंद. सराफा दोनचा एक करा; बंद केलात तर घरातली पोरं तुमची योजनाच बंद पाडतील. आणि जाताना घरून जेवून निघा. भुट्ट्याचा कीस आणि गराडू (तळलेला कंद) रिकाम्या पोटी कधीच एका प्लेटीत आटपत नाहीत.

खरा पैसा रविवारात आहे. छप्पनला पोह्यांचे पैसे फारसे लागतच नाहीत. पोह्यांनंतर हॉट डॉग, मग शिकंजी, मग "आलोच आहोत तर". म्हणून दोन रविवार कोपऱ्यावरच्या ठेल्यावर पोहे-जलेबी, चौघांचे १६० धरा. उरलेले दोन रविवार घरी.

घरचे पोहे लोकांना आवडत नाहीत याचं कारण चव नाही. ते दहा मिनिटांत कोरडे पडतात, हे कारण आहे. ठेल्यावरचे पोहे वाफेवर बसलेले असतात. घरीही तेच करा.

[जवळून: पातेलं, वर चाळणी]

चौघांना ३०० ग्रॅम जाड पोहे. चाळणीत घालून नळाखाली दोनदा धुवा, पाणी निथळू द्या, भिजत ठेवायचे नाहीत. हळद, मीठ आणि चमचाभर साखर याच वेळी पोह्यांना चोळून घ्या, म्हणजे नंतर ढवळून लगदा होत नाही. कढईत दोन मोठे चमचे तेल, मोहरी, बडीशेप, हिरवी मिरची. पोहे घाला, एकदाच वरखाली करा. आता दुसऱ्या पातेल्यात दोन पेले पाणी उकळत ठेवा, त्यावर पोह्यांची चाळणी, वर झाकण, गॅस बारीक. अर्धा तास मऊ राहतात. पाणी चाळणीला टेकता कामा नये, नाहीतर खालचा थर चिकट होतो. कच्चा कांदा, शेव, जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला), लिंबू ताटलीत वाढताना. पोहे १८, शेव १७, कांदा-लिंबू-कोथिंबीर १२, तेल-मसाला ८, गॅस ५: साठ रुपये. भाव तुमच्या दुकानाचे टाका, फार हलणार नाहीत.

नवा हिशेब: कचोरी ८८०, सराफा ६००, ठेला ३२०, घरचे १२०. बेरीज १,९२०. २,००० धरा. सुटले ३,२००.

शेव-नमकीन हा इंदूरच्या घरातला वेगळा मथळा आहे, तो किराण्यात लपवू नका. डबा उघडा राहिला की भरला काय आणि रिकामा काय. पाव-पाव किलोच्या पाकिटांऐवजी महिन्याच्या सुरुवातीला ठरलेलं वजन एकदाच आणा, आणि संपलं की संपलं. १,४०० चे ७०० होतात.

आता वीज. मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजना आहे. महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत असेल तर पहिल्या १०० युनिटांचे १०० रुपये, वरच्या युनिटांना नेहमीचा दर. १५० ओलांडलं की सवलत वरच्या युनिटांपुरती जात नाही, सगळीच जाते. म्हणजे १५१ वं युनिट एकटंच पाचशेच्या आसपास पडतं. मर्यादा बिलाच्या दिवसांवर मोजतात, दिवसाला ५ युनिट धरून. म्हणून मीटरचा फोटो दर दहा दिवसांनी काढा. दहा दिवसांत ५० च्या वर गेलात तर पुढच्या वीस दिवसांत काय आवरायचं ते कळतं. दोन किलोवॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट. ७५ वॉटचा पंखा बारा तासांत साधारण ०.९. एसी चालू असलेल्या मे महिन्यात हा नाद सोडा, जमणार नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी जमतं. थंडीत गीझर प्रत्येकासाठी वेगळा चालू-बंद करण्यापेक्षा आंघोळी एकापाठोपाठ उरका. ५०० सुटले.

पेट्रोलचे ७०० वाचवायचे म्हणजे साडेसहा लिटर, म्हणजे ४५ च्या ॲव्हरेजने साधारण ३०० किलोमीटर, रोजचे दहा. मुलीची शिकवणी, भाजी आणि औषधं या तीन फेऱ्या एका वाटेत बसतात का ते बघा. बहुतेक बसतात.

ऑटोपे म्हणजे दर महिन्याला आपोआप कापले जाणारे पैसे. त्यातले ५०० पाच मिनिटांत सुटतात. यूपीआय ॲप उघडा, प्रोफाइलमध्ये ऑटोपे शोधा, चालू मँडेट, म्हणजे पैसे कापायला तुम्ही दिलेल्या परवानग्या, वाचा. नुसतं ॲप मोबाइलमधून काढून टाकल्याने मँडेट रद्द होत नाही. इथे फसतात लोक. मँडेट इथूनच रद्द करायचं.

उरलेले ९०० किराण्याचे. दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपवर महिन्यात दहा लहान ऑर्डरी झाल्या की डिलिव्हरी आणि हँडलिंगचेच साडेतीनशे जातात, शिवाय कोथिंबिरीसोबत चॉकलेट येतं. महिन्याची एक यादी, एक फेरी. तेल घेताना पाकिटावरचं वजन वाचा: लिटरभर सोयाबीन तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, पण शेजारचं तसंच दिसणारं पाकीट ७५० किंवा ८०० ग्रॅमचं निघतं. भाव ग्रॅमवर काढा. रोजची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून जन औषधी केंद्रात तेच औषध मिळतं का बघा. आरोग्य विम्याचा आणि गाडीच्या विम्याचा हप्ता मात्र या यादीत आणायचाच नाही.

३,२००, ७००, ५००, ७००, ५००, ९००. झाले ६,५००. उन्हाळ्यात विजेचे ५०० गळतील, ते भरून काढायला उरलेला एक सराफाही सोडून द्या, नाहीतर आठव्या महिन्याचा शेवटचा हप्ता वाढेल.

आता आजीची बचत. एप्रिल-मे आला की छावणीच्या धान्यबाजारातून वर्षाचे गहू. चौघांना तीन क्विंटल, ३० रुपये किलोने ९,०००. नंतर तेच गहू किलोमागे ४ रुपयांनी महाग होतात असं धरलं तर वर्षात १,२०० वाचले. पण ते ९,००० कार्डात गेले असते. गहू वर्षभरात संपत जातात, म्हणजे सरासरी ४,५०० कोठीत अडकलेले. त्यावर महिन्याला ४.१३ टक्के, बारा महिन्यांचे २,२३०. आठ महिनेच कार्ड चालणार म्हणा, तरी अडकलेल्या पैशांचं व्याज बाराशेच्या वरच जातं. एरंडेल लावायची मेहनत आणि तरीही सोंडे लागले तर ते वेगळंच. ज्या वर्षी कार्ड डोक्यावर आहे, त्या वर्षी महिन्याचे २५ किलो आणा. आजीचं चुकत नव्हतं, आजीकडे क्रेडिट कार्ड नव्हतं. हाच नियम नव्या भिशीला आणि एफडीलाही.

पैसे सुटले, पण कार्डात पोचले का? व्याज रोजच्या बाकीवर लागतं, म्हणून ड्यू डेटची वाट बघू नका. दर रविवारी त्या आठवड्याचे १,५०० भरून मोकळे व्हा. यात एक खाच आहे. स्टेटमेंट निघायच्या आधी भरलेले पैसे पुढच्या मिनिमम ड्यूत धरले जात नाहीत. तेव्हा स्टेटमेंट आल्यानंतर आणि ड्यू डेटच्या दोन दिवस आधी मिनिमम इतकी रक्कम पुन्हा गेलीच पाहिजे. पेमेंट अडकलं तर तीन दिवसांची सवड असते, रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार त्यानंतरच लेट फी लावता येते. त्या सवडीवर विसंबू नका, ती अपघातासाठी आहे.

ही योजना मोडते ती साधारण तिसऱ्या महिन्यात, आणि कचोरीने नाही. एप्रिलची शाळेची फी येते, स्कूटरचा विमा येतो, एखाद्या लग्नाचा आहेर येतो आणि कार्ड कपाटातून बाहेर. म्हणून वर्षाचे असे खर्च आधी लिहा: फी, विमा, गणपती, दिवाळी, दोन आहेर. समजा बेरीज २४,०००, भागिले बारा, महिन्याचे २,०००, वेगळ्या खात्यात. हे ६,५०० मधून काढायचे नाहीत. पगारात ते बसतच नसतील तर ९,५०० चे ७,५०० करा आणि दोन-तीन महिने जास्त घ्या.

व्याजच कमी करायचे दोन रस्ते आहेत. बँकेला बाकी ईएमआयमध्ये बदलायला सांगा. दीड टक्का महिना मिळाला तर पहिल्या महिन्याचं व्याज २,१०० ऐवजी ९००, अधिक जीएसटी. प्रोसेसिंग फी आधी विचारा. किंवा बँकेतून सोनेतारण, महिन्याला एक टक्का धरला तर ६००. त्यात सगळी रक्कम वर्षाअखेरी एकदम भरायची पद्धत घेऊ नका, हप्त्याची घ्या. वर्षअखेरी ६०,००० एकरकमी कोणाकडे नसतात आणि बांगड्या लिलावात जातात. मोबाइल ॲपवरून झटपट कर्ज काढून कार्ड भरायचं मात्र मनातही आणू नका. आणि हप्ता चुकणारच असेल तर बँकेला आधी कळवा. वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायची मुभा नाही.

[स्क्रीनवर: आठव्या महिन्यानंतरचं स्टेटमेंट]

आठव्या महिन्यात पूर्ण बाकी भरलीत, तरी नवव्या महिन्यात शे-दोनशेचं बिल येईल. ही बँकेची चूक नाही. स्टेटमेंट निघाल्यापासून तुम्ही भरेपर्यंतच्या दिवसांचं ते व्याज आहे. "मी तर सगळं फेडलं" म्हणून ते सोडून दिलं की त्यावर लेट फी चढू शकते आणि सिबिलला थकबाकी दिसू शकते. भरून टाका. त्यानंतरचं बिल शून्याचं आलं की कार्ड बंद करायचा अर्ज लेखी द्या आणि त्याचा नंबर जपून ठेवा. बाकी काही नसेल तर बँकेला कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद करावं लागतं. उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये दंड, आणि तो तुम्हाला मिळतो.