तुडतुडा ठाण्यातून दिसत नाही

(नौपाड्यात बागायतदार मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर माझा विषय 'फळबागेत कीटकनाशकांचा सुरक्षित आणि परिणामकारक वापर' असा छापलाय. त्यावर बोलणारच आहे. पण बरेच दिवस मनात साचलेलं एक आधी बोलून घेतो, कारण असे श्रोते एका जागी पुन्हा सापडायचे नाहीत. इथल्या निम्म्या मंडळींची आंब्याची कलमं देवगड-राजापूरकडे आहेत, काहींची शहापूर-मुरबाडला, मागच्या रांगेत डहाणूचे चिकूवाले दिसतायत. राहायला मात्र सगळे घोडबंदर रोडला, नाहीतर वाशी-नेरूळला. झाडं तिकडे, मालक इकडे, मधे मोबाइल. माझं म्हणणं एवढंच आहे की मोबाइलवरून फवारणी ठरवता येत नाही.

डिसेंबर-जानेवारीत लोकलमध्ये कान देऊन ऐका. "काय रे, दुसरी मारली का? शेजाऱ्यांची तिसरी झाली म्हणे!" क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसं. मोहोर किती, तुडतुडा आहे की नाही, याची चौकशी नाही. शेजाऱ्याची तिसरी झाली, मग आपली दुसरीवर कशी राहील? फवारणीत चढाओढ लावणारे आपणच. आणि गडी बिचारा काय सांगणार? "झाली साहेब." झालेली असो वा नसो.

तुडतुडा बघायला झाडाखाली जावं लागतं. गव्हाच्या दाण्याहूनही लहान, पाचरीसारखा किडा. मोहोराचा एक तुरा पांढऱ्या कागदावर हलकेच झटका, म्हणजे कागदावर टणाटण उड्या मारतो. पानाला बोट लावा, चिकट लागलं तर तो येऊन गेलाय असं समजा. तो रस शोषतो, अंगातून गोड चिकटा सोडतो, त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते. त्याला आपल्याकडे खार पडली म्हणतात. खार पडलेला आंबा वाशीच्या मार्केटात नेलात तर व्यापारी पेटी उघडतो, तुमच्याकडे बघतो आणि काही न बोलता झाकण लावतो. ते न बोलणं फार महाग पडतं.

आता माझी आवडती गोष्ट. अध्यक्ष घड्याळाकडे बघतायत, पण ही सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

आमचे मेहुणे कोपरखैरण्याला असतात. बँकेतून निवृत्त झाले आणि वाटणीत आलेल्या कलमांच्या मागे लागले. एका रात्री दहाला पिशवी घेऊन दारात हजर. आम्ही जेवायला बसत होतो. डायनिंग टेबलावर त्यांनी बाटल्या मांडायला सुरुवात केली. आमच्या सौ.नी आमटीवर झाकण ठेवलं, मग भातावर, मग सरळ सगळं उचलून आत नेलं. मी त्यांना खाली वर्तमानपत्र घालायला लावलं आणि विचारलं, "भावजी, हे काय?" म्हणाले, "किट आहे. दुकानदाराने बांधून दिलं. हे तुडतुड्याचं पहिल्या हाताला. आठ दिवसांनी हे दुसरं, म्हणजे किड्याला सवय लागत नाही. त्यावर तिसरं हे जालीम. हे औषध पानाला चिकटून राहायचं स्टिकर, हे टॉनिक, आणि हे..." एका बाटलीचं ते काय होतं, ते त्यांनाही सांगता येईना.

मी चष्मा लावला. पहिल्या बाटलीवर मोठ्या अक्षरात एक झणझणीत नाव आणि वाघ. दुसरीवर दुसरं नाव आणि वीज. मागे मुंगीएवढ्या अक्षरात मूळ घटक: पहिल्या बाटलीत इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के एस.एल., दुसऱ्या बाटलीतही इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के एस.एल. कंपन्या दोन, वाघ आणि वीज वेगळे, माल एकच! तिसरं जालीम म्हणजे थायामेथोक्झाम. घटक वेगळा, पण गट तोच, निओनिकोटिनॉइड. किड्याच्या मज्जासंस्थेत दोघांचा घाव एकाच जागी बसतो. म्हणजे सवय लागू नये म्हणून घेतलेली तिन्ही औषधं सवय लावणारीच. मेहुण्यांचा चेहरा बघवेना. "पण त्याने बिल पण नाही दिलं हो," एवढंच म्हणाले.

बिल नाही, हे तर आणखी सुंदर. कीटकनाशकांचा कायदा १९६८चा आहे. परवाना असलेल्या दुकानातूनच घ्यायचं आणि पक्कं बिल मागायचं. औषध बनावट निघालं, मोहोर करपला, तर त्या कागदाशिवाय तुम्हाला दारात कोणी उभं करणार नाही. नारळ घेताना कानाशी धरून हलवून बघणारे आपण, आणि हजारो रुपयांची बाटली वाघ बघून घेतो!

(हशा)

हसू नका, आता जे सांगतोय त्यात हसण्यासारखं नाही. आमच्या सोसायटीत झुरळांसाठी पेस्ट कंट्रोल असलं की आदल्या दिवशी ग्रुपवर पन्नास प्रश्न. हर्बल आहे ना? वास येतो का? माशांची टाकी झाकायची का? किती तास बाहेर राहायचं? योग्यच आहे सगळं. पण हाच फ्लॅटमालक गावी गेल्यावर नेपाळी गड्याला बनियनवर झाडाखाली उभा करतो. आंब्याची फवारणी कपाशीसारखी खाली बघून नसते, मान वर करून असते. पंधरा-वीस फुटांवर फवारा गेला की त्यातला बराच परत अंगावर, तोंडावर, डोळ्यांत. वर तंबाखूची चिमूट त्याच हाताने. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. सगळ्या पेपरांत आलं. आपण वाचलं, हळहळलो, आणि जानेवारीत गड्याला फोन केला, "काय रे, दुसरी मारली का?"

साधा हिशेब सांगतो. गमबूट, रबरी हातमोजे, चष्मा, मास्क, टोपी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे, हे सगळं मिळून हापूसच्या सुरुवातीच्या एका पेटीत बसतं. एका पेटीत. मालकाने विकत आणून द्यावं, आणि गडी घालतो की नाही हे स्वतः उभं राहून बघावं. "त्यांना सवय नाही हो," हे कारण मला सांगू नका. हेल्मेटचीही आपल्याला सवय नव्हती.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं उरली म्हणतात. म्हणजे मूळ विषय दहा मिनिटांत. ठीक आहे, लिहून घ्या.

सुरुवात कोयत्याने करा, पंपाने नको. तुडतुड्याला दाट, काळोखी झाड आवडतं. पावसाळा संपला की मधल्या फांद्या विरळ करून ऊन आत येऊ द्या. मोहोर नसतो तेव्हा तो खोडाच्या सालीत, फांद्यांच्या बेचक्यात दडून असतो, म्हणून पहिली फवारणी नुसत्या शेंड्यांवर नको, खोड-फांद्याही भिजल्या पाहिजेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं आंब्याच्या फवारणीचं वेळापत्रक मिळतं, ते हाताशी ठेवा. पण तेही मोहोराच्या अवस्थेवर बांधलेलं आहे, तारखेवर नाही. किडा दिसत नसेल तर पुढची फवारणी टाळा, पैसे वाचवा. उगाच पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं मारत राहिलात तर ढालकिडे, कोळी हे आपले राखणदार आधी मरतात आणि फुलकिडे डोकं वर काढतात.

मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक नको. माश्या आणि मधमाश्या तेव्हाच काम करत असतात, त्या मेल्या तर फळ धरणार कुठून?

मात्रा. लेबलवर १० लिटरला ३ मिली असेल तर २०० लिटरच्या पिंपाला ६० मिली. गडी अंदाजाने अडीचशे मिलीची अर्धी बाटली ओततो, म्हणजे दुपटीच्या वर. टोपणाने मोजणं बंद, खोकल्याच्या औषधाबरोबर येतो तसा खुणांचा मापाचा पेला द्या, आणि तो फक्त त्याच कामाला. दोन-तीन औषधं मनाने एकत्र करू नका. पुढच्या फवारणीला गट बदला, नाव नव्हे. बाटलीवरचा त्रिकोण बघा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. जमेल तितकं खालच्या दोनांत राहा, पण हिरवा म्हणजे सरबत असं नव्हे.

वेळ सकाळची, वारा पडलेला असताना. वाऱ्याकडे पाठ करून. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकायचं नाही, जुना दातांचा ब्रश ठेवा. शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस सोडायचे ते लेबलवर असतं, ते पाळा. भाव चढला म्हणून परवा फवारलेला आंबा आज पेटीत भरू नका.

फळमाशीचं वेगळं. तिची अळी फळाच्या आत, तिथे फवारा पोचत नाही. मे २०१४ पासून युरोपने आपल्या आंब्याला काही महिने दार बंद केलं होतं, ते फळमाशीमुळे, हे वाशीतल्या कोणत्याही निर्यातदाराला आठवत असेल. तिच्यासाठी मिथिल युजेनॉलचे, म्हणजे नरमाशीला ओढून घेणाऱ्या वासाचे सापळे लावा, दापोलीच्या विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा आहेच. त्यात नर अडकतात. आणि गळलेली फळं रोज गोळा करून खोल पुरा. हे पुरायचं काम कोणी करत नाही, म्हणून सापळ्यांचा उपयोग होत नाही.

विषबाधेचा संशय आला, म्हणजे मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, तर काम थांबवा, कपडे उतरवा, साबणाने अंग धुवा आणि लगेच दवाखाना. बाटली किंवा लेबल बरोबर न्या. डॉक्टरांना घटक कळला तरच नेमका उपचार करता येतो. मीठ-पाणी पाजून ओकाऱ्या काढायच्या नाहीत. रिकाम्या बाटल्या तीनदा धुवा, ते पाणी पंपातच ओता, बाटलीला भोक पाडा म्हणजे तिच्यात पुढे कोणी रॉकेल भरणार नाही.

एक प्रश्न घेता येईल म्हणतात. हं, ताई, बोला. निंबोळी अर्क चालतो का? चालतो. पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर भिजत घाला, गाळून १०० लिटर पाणी करा, हा झाला पाच टक्के अर्क. किडा नुकता दिसायला लागला असताना मारलात तर उपयोग होतो. झाडाखालून चालताना तुडतुडे अंगावर उडायला लागल्यावर मारलात, तर निंबोळ्या गोळा करायचा व्यायाम तेवढा होईल. आणि हो, अर्क फवारतानाही गड्याला चष्मा द्या.