राणीछाप रुपयाचे किती येतील?

मंडळी, नाण्यांवर बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "आमच्याकडे राणीछाप रुपया आहे, दीडशे वर्षांपूर्वीचा. किती येतील?" उत्तर ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो. जितकं जुनं तितकं महाग, असं आपण धरूनच चालतो आणि तिथेच फसतो.

१८६२ चा, व्हिक्टोरिया राणीच्या छापाचा रुपया घ्या. हे साल १८७४ पर्यंत बदललंच नाही. टांकसाळी वर्षानुवर्षं १८६२ हाच आकडा उठवत राहिल्या. मुंबईच्या नाण्यांवर बारीक ठिपके आहेत, त्यांवरून जाणकार खरं वर्ष ताडतात. थोडक्यात, १८६२ चे रुपये ढिगाने आहेत. ठिपक्यांचा एखादा दुर्मीळ प्रकार सोडला, तर झिजलेल्या नाण्याला चांदीच्या भावाहून फार काही मिळत नाही.

आता १९३९ चा, सहाव्या जॉर्जचा. वयाने ७७ वर्षांनी धाकटा, पण संग्राहक त्याच्यासाठी जीव टाकतात. युद्ध पेटलं, लोक चांदी दडवू लागले आणि १९४० पासून सरकारने रुपयातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणली. त्या धामधुमीत १९३९ चे फार थोडे रुपये शिल्लक राहिले. साहजिकच नकली सर्वांत जास्त त्याचेच. पुढच्या सालाचा आकडा कोरून बदललेलेही मिळतात. म्हणून कड बघा. १९४० पासूनच्या रुपयाच्या कडेत मधोमध खाच आहे, १९३९ च्या कडेला नुसत्या उभ्या रेघा.

१९११ ची गंमत सांगायलाच हवी. पाचव्या जॉर्जच्या झग्यावर हत्ती होता, पण सोंड इतकी आखूड की लोकांना ते डुक्कर वाटलं. ओरड झाली. सुमारे ९४ लाख रुपये पाडले होते, त्यांतले ७ लाखांच्या आसपास बाहेर गेले. बाकीचे वितळवून १९१२ साली सोंड नीट केली.

धातूचं गणित सोपं आहे. जुना रुपया एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. त्याखाली किंमत जात नाही. घरी साधा वजनकाटा आणि लोहचुंबक ठेवा. चांदी चुंबकाला चिकटत नाही. १९४७ चा वाघाचा रुपया मात्र चिकटेल, कारण तो निकेलचा आहे.

खरी तफावत पडते ती अवस्थेने. राणीच्या कानावरचे केस, मुकुटाची नक्षी, पोशाखावरचं भरतकाम हे उंचवटे आधी झिजतात. भिंगाखाली तेच तपासा. माळेसाठी कडी डागलेला रुपया संग्राहक सहसा घेत नाही. आणि कृपा करून दिवाळीला देवघरातली भांडी घासताना नाणी चिंचेने घासू नका! काळपट थर जातो, ओरखडे उरतात आणि किंमत निम्म्याखालीही येते. मला तर तो काळसर रंगच जास्त देखणा वाटतो.

शंभर वर्षांवरची नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात, त्यामुळे परदेशातल्या नातवाला ती परस्पर पाठवता येत नाहीत. आणि वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो देतो, आधी कर भरा, असा फोन आला तर ठेवून द्या. असल्या व्यवहारांशी आपला संबंध नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच जाहीर केलं आहे.