पहिला कॅमेरा घेताना आधी जागा ठरवा

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळीचा बोनस हातात आला किंवा पहिल्या नोकरीतले चार पैसे साठले, की आपल्या नाशकातली कितीतरी मुलंमुली कॅमेऱ्याच्या दुकानाची पायरी चढतात. कुणाला पक्षी टिपायचे असतात, कुणाला गडकिल्ले, कुणाच्या डोळ्यांसमोर २०२७ चा सिंहस्थ असतो. दुकानात गेलं की विचारलं जातं, बजेट किती? मग गिऱ्हाईक विचारतं, मेगापिक्सेल किती? मला विचाराल तर हे दोन्ही प्रश्न नंतरचे. एक प्रश्न घरीच सोडवून मग दुकानात जावं : हा कॅमेरा घेऊन तुम्ही उभे कुठे राहणार आहात? जागेवरून लेन्स ठरते, लेन्सवरून कंपनी ठरते आणि बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, सगळ्यात शेवटी. आपण बहुतेकजण नेमके उलट्या बाजूने सुरुवात करतो. मी बोलतेय ते लेन्स बदलता येणाऱ्या, आत आरसा असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्यांबद्दल.

निफाड तालुक्यातल्या नांदूर मधमेश्वरचंच बघा. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा हा बंधारा, त्याच्या मागचं उथळ पाणी, गाळाची बेटं. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण. थंडीत चापडगावच्या मनोऱ्यावरून समोर शेकाटे पक्षी दिसतात, चमचे पक्षी दिसतात, जांभळ्या पाणकोंबड्या दिसतात. डोळ्यांना ते जवळ वाटतात, पण कॅमेऱ्याचं तसं नसतं. थोडं गणित करू. चमचा पक्षी सुमारे ८० सेंटीमीटरचा. तो तुमच्यापासून ६० मीटरवर उभा आहे असं धरा. कॅमेऱ्याबरोबर येणारी साधी लेन्स असते १८ ते ५५ मिलिमीटरची; हा आकडा वाढला की दूरचं जवळ दिसतं. ती पूर्ण ताणून ५५ वर नेली, तरी हा पक्षी चौकटीच्या उंचीचा जेमतेम विसावा भाग व्यापतो. एक पांढरा ठिपका. तीच बॉडी, तोच पक्षी, पण लेन्स ३०० मिलिमीटरची लावली, तर तो चौकटीचा चौथा भाग व्यापतो. आता त्याची चमच्यासारखी चोच दिसते, डोळा दिसतो. बॉडी दुप्पट किमतीची घेतली असती आणि लेन्स तीच ठेवली असती, तर हा फरक पडला नसता.

म्हणून ज्यांना पक्ष्यांचं वेड आहे, त्यांना माझा आग्रहाचा सल्ला आहे, की ठरवलेल्या पैशातले निदान निम्मे लांब पल्ल्याच्या लेन्ससाठी राखून ठेवा. कॅननवाल्यांसाठी ५५ ते २५० मिलिमीटरची आयएस एसटीएम लेन्स आणि निकॉनवाल्यांसाठी ७० ते ३०० मिलिमीटरची एएफ-पी व्हीआर लेन्स, या दोन्ही पहिल्या खरेदीला अगदी योग्य आहेत. हलक्या आहेत आणि त्यांची चित्रं स्वच्छ येतात.

इथे मात्र अक्षरं नीट वाचा. कॅननच्या लेन्सवर 'आयएस' आणि निकॉनच्या लेन्सवर 'व्हीआर' लिहिलेलं असेल, तर हाताची थरथर सावरून घेणारी यंत्रणा त्या लेन्समध्ये आहे. निकॉनची हीच ७० ते ३०० व्हीआर नसलेल्या रूपातही येते, आणि लेन्सच्या नावातली दोन अक्षरं सोडली तर लांबून फरक कळत नाही. कॅननच्या जोडीच्या पॅकेजमध्ये पुष्कळदा ७५ ते ३०० ची लेन्स दिली जाते. आकडा मोठा म्हणून ती घ्यावीशी वाटते, पण त्यात ही यंत्रणा नाही. तिच्यापेक्षा ५५ ते २५० कितीतरी चांगली. ३०० मिलिमीटरवर हात किंचित हलला तरी पक्षी पुसट होतो, आणि पहाटेच्या कमी उजेडात तर नक्कीच होतो. उडत्या पक्ष्यासाठी मात्र या यंत्रणेचा उपयोग नाही. तिथे शटरचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उघडमीट होणाऱ्या पडद्याचा, वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास न्यावा लागतो.

आता तुमचा ओढा डोंगरांकडे असेल, तर हे सगळं चित्र पालटतं. अंजनेरीच्या पठारावर, ब्रह्मगिरीवर, साल्हेरच्या माथ्यावर १८ ते ५५ ची साधी लेन्स तुम्हाला वर्षभर पुरेल. तिला हिणवू नका. १८ वर डोंगररांग मावते, ५५ वर एखादा सुळका वेगळा काढता येतो, आणि ती बऱ्यापैकी जवळून फोकस करते म्हणून फुलंही टिपता येतात. अंजनेरीवर, तिच्याच नावाने ओळखलं जाणारं सेरोपेजिया अंजनेरिका फुलतं. जगात फार थोड्या जागी उरलेली ही वनस्पती आहे. तिचा फोटो मिळवण्यासाठी पठारावरचं गवत तुडवू नका, वाटेवरून जेवढं मिळेल तेवढंच घ्या. अगदी जवळून टिपणाऱ्या मॅक्रो लेन्सची घाई पहिल्या वर्षी करू नये असं मला वाटतं.

डोंगरवाल्यांनी पैसे वाचवून काय घ्यावं? एक हलकी पण न डुगडुगणारी तिकाटणी, म्हणजे ट्रायपॉड, आणि एक पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावून फिरवायचा फिल्टर. पावसाळ्यात त्र्यंबकच्या बाजूला पानांवर पाण्याचा थर असतो, त्यावर आभाळाचा पांढरा उजेड चमकतो आणि फोटोत हिरवा रंग धुतल्यासारखा येतो. पोलरायझर फिरवला की ती चमक जाते आणि पानाचा खरा रंग वर येतो. मोबाइलमधल्या किंवा कॉम्प्युटरमधल्या सॉफ्टवेअरने हे नंतर करता येत नाही. कॅननच्या १८-५५ आणि ५५-२५० या दोन्ही लेन्सना ५८ मिलिमीटरचा एकच फिल्टर बसतो, ही एक सोय.

आणि वजन. हे दुकानात कळत नाही, हरिहरच्या कातळपायऱ्यांवर कळतं. तिथे दोन्ही हात खोबण्यांत हवेत, कॅमेरा पाठीवरच्या पिशवीत. निकॉन डी३५०० बॅटरीसकट ४१५ ग्रॅमचा, डी७२०० जवळजवळ पावणेआठशे ग्रॅमचा. त्यात लेन्स, पाणी, डबा. उन्हात चढून गेल्यावर जड कॅमेरा पिशवीतून काढावासाच वाटत नाही, आणि न काढलेल्या कॅमेऱ्याला काय करायचं?

मग जड बॉडी घ्यावी तरी का? एक कारण पाऊस. निकॉनच्या डी७२०० आणि डी७५००, कॅननच्या ८०डी आणि ९०डी या मधल्या वर्गातल्या बॉडींना धूळ-पाण्यापासून बचावासाठी सांध्यांवर सील असतं. डी३५००, डी५६००, कॅनन १५००डी, २००डी यांना नसतं. पण सील असलेली बॉडी घेतली म्हणून निर्धास्त राहू नका. तिच्यावर साधी लेन्स लावली, तर पाणी लेन्सच्या बाजूने आत जायला मोकळं असतं. इगतपुरीच्या पावसात कुठलाही कॅमेरा असो, वर प्लास्टिकचं आवरण हवंच. सिंहस्थाची मुख्य स्नानं पावसाळ्यात येतात, तेव्हा तिथे जाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

रामकुंडावरच्या संध्याकाळच्या आरतीसाठी वेगळं उत्तर आहे, आणि ते स्वस्त आहे. कॅननची ५० मिलिमीटर एफ १.८, किंवा निकॉनची ३५ मिलिमीटर एफ १.८. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं. साध्या लेन्सच्या एफ ५.६ शी ताडून पाहिलं, तर एफ १.८ मधून नऊ पटींहून जास्त उजेड आत येतो.

लेन्स ठरली, आता बॉडी. मेगापिक्सेलची काळजी सोडा. २४ मेगापिक्सेल म्हणजे सहा हजार गुणिले चार हजार ठिपके. त्यातून २० इंच लांब छापील चित्र अगदी बारकाव्यांसकट निघतं. निकॉन घेणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर विचारावी. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते. काकांनी प्रेमाने दिलेली जुनी, स्वतःची मोटर नसलेली एएफ-डी लेन्स त्यांवर बसेल, पण फोकस हाताने करावा लागेल. डी७००० मालिकेत मोटर असते. उलट, डी९० सारख्या काही जुन्या बॉडींवर नव्या एएफ-पी लेन्स फोकसच करत नाहीत. जोडी लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

तुमच्यातले काहीजण आता म्हणत असतील, ताई, जमाना मिररलेसचा, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांचा आहे, तुम्ही डीएसएलआरचं काय सांगताय? खरं आहे. कंपन्यांचं लक्ष तिकडे गेलंय, निकॉनने डी३५०० बनवणं केव्हाच थांबवलं. पण पहिल्या कॅमेऱ्यासाठी हीच संधी आहे असं मी मानते. लोक मिररलेसकडे वळताना आपल्या चांगल्या बॉडी आणि लेन्स विकताहेत. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून, तुम्ही थेट भिंगातून आलेलं दृश्य पाहता, त्याला बॅटरी लागत नाही. म्हणून डी३५०० एका चार्जमध्ये सुमारे दीड हजार फोटो देतो. दोन दिवसांच्या भ्रमंतीत ही मोठी गोष्ट आहे. उद्या मिररलेस घेतलात, तर कॅननच्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून फोकससकट चालतात, निकॉनच्या एएफ-एस लेन्सही चालतात. लेन्सवर घातलेला पैसा वाया जात नाही.

जुना कॅमेरा बघायला जाल तेव्हा स्वतःचं मेमरी कार्ड आणि एक छोटी बॅटरी, म्हणजे टॉर्च, बरोबर न्या. लेन्स काढून तिच्यातून टॉर्चचा उजेड आरपार टाका. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे. कितीही स्वस्त मिळाली तरी ती लेन्स नको. मग एफ २२ वर मोकळ्या आकाशाचा फोटो घ्या. त्यात काळपट डाग दिसले तर सेन्सरवर, म्हणजे आतल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीवर, धूळ आहे. ती साफ होते, पण भाव करताना सांगा. निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्येच शटर किती वेळा उडालं याची नोंद असते. डी३५०० चं शटर एक लाखाच्या हिशेबाने बनवलेलं, डी७२०० चं दीड लाखाच्या. कॅननच्या बहुतेक मॉडेल्सच्या फोटोत ही नोंद नसते, तिथे बटणांची झीज, पकडीवरचं रबर आणि मूळ बिल यांवरून अंदाज घ्या. चष्मा असेल तर व्ह्यूफाइंडरजवळचं छोटं चाक फिरवून आतले आकडे स्पष्ट दिसतात का, हेही पाहा.

घरी आणल्यावर पावसाळ्यात कॅमेरा कापडी बॅगेत बंद करून कपाटात ठेवू नका. बुरशी तिथेच धरते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारं एक छोटं घड्याळ. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मध्ये राहिला की झालं. पुड्यांचे दाणे रंग बदलले की त्या बदला किंवा तापवून पुन्हा वापरा. आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढून चार फोटो घ्या, पाऊस असला तर गॅलरीतून घ्या.

नमस्कार.